देवनागरीत कॅपिटल अक्षरे नाहीत. मग यंत्राच्या मराठी माहितीपुस्तिकेत टंकसंकेत कसे ठरवावेत?

प्रश्न | सातपूरकर

नमस्कार. नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीत शेतीपंपांचे कंट्रोल पॅनेल तयार करण्याचा आमचा लहान कारखाना आहे. पॅनेलमध्ये काँटॅक्टर (मोटरचा पुरवठा जोडणारा-तोडणारा स्विच), ओव्हरलोड रिले (मोटरवर जास्त भार आल्यास ती बंद करणारा), सिंगल फेजिंगपासून म्हणजे तीनपैकी एक फेज जाण्यापासून संरक्षण देणारे कार्ड, विहिरीतील पाणी आटल्यास मोटर बंद करणारी ड्राय रनची सोय आणि दोन ओळींचा डिस्प्ले असतो. पॅनेलबरोबर आम्ही जी इंग्रजी माहितीपुस्तिका देतो, तिच्या दुसऱ्या पानावर टंकसंकेतांचे कोष्टक आहे. बटणांची नावे ठळक, डिस्प्लेवर उमटणारा मजकूर समान रुंदीच्या अक्षरांत, ग्राहकाने स्वतः भरायची किंमत तिरक्या अक्षरांत आणि पाळलीच पाहिजे अशी सूचना संपूर्ण कॅपिटल अक्षरांत, असे ते संकेत आहेत.

निफाड, दिंडोरी आणि सिन्नर तालुक्यांतील ग्राहकांच्या मागणीवरून यंदा आम्ही ही पुस्तिका मराठीत केली. भाषांतर चांगले झाले होते, परंतु छापील प्रत हातात आल्यावर दिसले की कोष्टकातला एकही संकेत मराठी पानावर टिकलेला नाही. कॅपिटल अक्षरे देवनागरीत नसल्यामुळे सक्तीची सूचना आणि साधे वाक्य सारखेच दिसू लागले. तिरकी केलेली अक्षरे एका बाजूला कलंडल्यासारखी दिसतात आणि त्यांतून वाचकाला काहीच अर्थबोध होत नाही. समान रुंदीचा देवनागरी फाँट आमच्या डीटीपी (संगणकावर अक्षरजुळणी) करणाऱ्या मुलाला मिळाला नाही, म्हणून त्याने डिस्प्लेवरचे संदेशही देवनागरीत लिहून ठळक केले. परिणामी बटण, संदेश, इशारा आणि मथळा हे सर्व एकाच ठळक अक्षरात आले आहेत.

ज्या प्रसंगामुळे आम्ही उरलेल्या प्रतींचे वाटप थांबवले, तोही सांगतो. पिंपळगाव बसवंतच्या बाजूला एका द्राक्षबागेत आमचे पॅनेल बसवले जात होते. त्या आठवड्यात शेतीच्या फीडरला वीज रात्रीची होती, त्यामुळे वायरमन रात्रीच काम करत होता. त्याने फोन करून विचारले, "साहेब, पाण्याच्या सेन्सरला दहा किलोवॅटचा रेझिस्टर जोडा असे पुस्तकात लिहिले आहे. एवढा मोठा रेझिस्टर बसवायचा कुठे?" मूळ पुस्तिकेत दहा किलोओहम होते. शोध घेतल्यावर कळले की मूळ फाइलमध्ये ओहमचे चिन्ह सिम्बॉल फाँटमधून घातलेले होते आणि त्या फाँटमध्ये ग्रीक ओमेगा इंग्रजी कॅपिटल डब्ल्यूच्या जागी बसवलेला असतो. सगळा मजकूर एकदम निवडून त्यावर मराठी फाँट चढवला, तेव्हा ओमेगा नाहीसा होऊन त्याच्या जागी डब्ल्यू उरला. त्याच रीतीने मायक्रोचे चिन्ह लहान एम झाले आणि १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर कागदावर १० मिलिफॅरडचा, म्हणजे हजार पट मोठा झाला. वायरमन जाणकार होता म्हणून त्याने विचारले. नवख्या माणसाने काय केले असते, या विचाराने मला त्या रात्री झोप लागली नाही.

देवनागरीत ठळक, तिरके आणि कॅपिटल यांची कामे कोणत्या साधनाने करावीत, अंक देवनागरी ठेवावेत की रोमन (म्हणजे इंग्रजीत नेहमी वापरतात ते), आणि इशाऱ्यांची श्रेणी मराठीत कशी दाखवावी, हे या क्षेत्रात काम करणाऱ्यांकडून समजून घ्यायचे आहे. या चर्चेपुरते मी सर्व अंक आणि अक्षरांची नावे देवनागरीतच लिहीत आहे. पॅनेलवर ती अर्थातच रोमन आहेत.

उत्तर | पुस्तिकालेखक

गेली काही वर्षे मी यंत्रांच्या पुस्तिका इंग्रजीत आणि मराठीत लिहीत आहे, त्यामुळे आपला प्रश्न मला अगदी जवळचा वाटला. माझ्या मते इंग्रजी कोष्टकातील प्रत्येक संकेत मराठीत जसाच्या तसा उतरवण्याचा आग्रह सोडून द्यावा. संकेत वाचकाला काय सांगण्यासाठी होता तेवढे पाहावे, आणि तेच सांगण्याची मराठीची स्वतःची सोय कोणती आहे ते शोधावे.

आपल्याकडे एक साधन असे आहे की जे इंग्रजी लेखकाला मिळत नाही, आणि ते म्हणजे दोन लिप्या. देवनागरीच्या ओळीत आलेला रोमन शब्द कोणताही फाँट न बदलता आपोआप उठून दिसतो. म्हणून पुस्तिकेचा पहिला नियम असा करावा की जे यंत्रावर रोमन लिपीत छापलेले, कोरलेले किंवा डिस्प्लेवर उमटणारे आहे तेवढेच रोमन लिपीत लिहायचे, अक्षर न अक्षर तसेच, मोठे-लहान अक्षर आणि मधली आडवी रेघ यांसह. बाकी सर्व देवनागरीत. बटणावर इंग्रजीत स्टार्ट असे कोरलेले असताना पुस्तिकेत "प्रारंभ कळ दाबा" असे लिहिले, तर शेतकरी ती कळ दारावर शोधत बसतो. पुढेमागे आपण बटणांच्या पट्ट्या मराठीत केल्या तर पुस्तिकेतील नावेही त्याच दिवशी मराठीत करावी लागतील. एकदा हा नियम पाळला की समान रुंदीच्या देवनागरी फाँटची गरजच उरत नाही. तसेही जोडाक्षरे, काना आणि वेलांट्या यांची रुंदी एकसारख्या चौकटीत कोंबली की देवनागरी वाचायला त्रासदायक होते.

ग्राहकाने भरायच्या किमतीसाठी तिरकी अक्षरे नकोत. तेथे कोनी कंसात देवनागरी शब्द लिहावा, उदाहरणार्थ <मोटरचा अँपिअर>. रोमन संदेशाच्या ओळीत हा देवनागरी शब्द आला की "हे टाइप करायचे नसून याच्या जागी तुमची किंमत घालायची आहे" ही गोष्ट लिपीच सांगते. मात्र कोनी कंस हे स्वतः टाइप करायचे नाहीत, असे कोष्टकात एका वाक्यात स्पष्ट लिहा. ते न लिहिल्यामुळे लोक कंसासकट आकडा भरू पाहतात, हे मी प्रत्यक्ष पाहिले आहे.

आता सक्तीचा प्रश्न. इंग्रजीतील तांत्रिक दस्तऐवजांत कॅपिटल अक्षरांतील "मस्ट", "शुड" आणि "मे" यांचे अर्थ ठरवून देणारा आरएफसी २११९ हा इंटरनेट-मानकांच्या मालिकेतील दस्तऐवज १९९७ मध्ये निघाला, आणि हे शब्द कॅपिटलमध्ये असतील तरच त्यांचा तो विशेष अर्थ घ्यावा, असा खुलासा २०१७ मध्ये आरएफसी ८१७४ ने केला. म्हणजे तिकडे सगळी मदार अक्षराच्या आकारावर आहे. मराठीत हे काम क्रियापद करते, आणि माझ्या मते अधिक चोख करते. "अर्थिंग जोडलेच पाहिजे" ही सक्ती आहे, "वर्षातून एकदा टर्मिनल घट्ट करावेत" ही शिफारस आहे, "दुसरा सेन्सर जोडता येतो" ही मुभा आहे, आणि "झाकण उघडा" ही क्रमाने करायची कृती आहे. या चार रूपांचे अर्थ कोष्टकात ठरवून द्या आणि मग संपूर्ण पुस्तिकेत त्यांची सरमिसळ होऊ देऊ नका. भाषांतरात सर्वांत मोठी गफलत येथेच होते, कारण सक्ती आणि शिफारस या दोन्हींचे भाषांतर "करावे" असे केले जाते आणि सक्तीची धार जाते.

यापुढची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते, म्हणून जरा विस्ताराने लिहितो. इंग्रजी वाक्यात नकार सुरुवातीलाच येतो; मराठी वाक्यात तो अगदी शेवटी येतो. "पुरवठा चालू असताना पॅनेलचे झाकण उघडू नका" हे वाक्य अरुंद रकान्यात बसवले तर पुष्कळदा असे छापले जाते:

पुरवठा चालू असताना
पॅनेलचे झाकण उघडू
नका.

घाईत वाचणाऱ्याची नजर "उघडू" पर्यंत येते आणि हात कामाला लागतो. "नका" हा शब्द पुढच्या पानावर गेलेली एक पुस्तिका माझ्या हातून छापायला गेली होती. ती प्रुफात सापडली. तेव्हापासून मी दोन गोष्टी कटाक्षाने करतो. क्रियापद आणि "नका" यांच्यामध्ये न तुटणारी मोकळी जागा घालतो, म्हणजे दोन्ही शब्द एकाच ओळीत राहतात. आणि शक्य तेथे वाक्यच उलटवून होकारार्थी करतो: "आधी मेन स्विच बंद करा, टेस्टरने तिन्ही फेज तपासा, मगच झाकण उघडा." यात कृतींचा क्रमही नीट येतो. हीच न तुटणारी जागा आकडा आणि त्याचे एकक यांच्यामध्येही हवी, नाहीतर "२.५" एका ओळीत आणि "चौरस मिलिमीटर" दुसऱ्या ओळीत जाते.

इशाऱ्यांच्या बाबतीत अमेरिकेतील एएनएसआय झेड५३५.६ हे मानक चार पायऱ्या मानते. मृत्यू किंवा गंभीर इजा होईलच अशी स्थिती, होऊ शकेल अशी स्थिती, किरकोळ किंवा मध्यम इजेची शक्यता, आणि फक्त यंत्राचे नुकसान. त्यांचे रंग अनुक्रमे लाल, नारिंगी, पिवळा आणि निळा असतात. मराठीत या चार पायऱ्यांसाठी मी "धोका", "इशारा", "काळजी घ्या" आणि "सूचना" हे शब्द वापरतो. पहिल्या पायरीला "धोका" हाच शब्द ठेवा, कारण डीपीवरच्या (विजेच्या ट्रान्सफॉर्मरजवळच्या) कवटीच्या पाटीमुळे तो प्रत्येकाच्या डोळ्यांत बसलेला आहे. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांतील ३५ व्या नियमाने त्या पाटीवर कवटी आणि हाडांच्या चिन्हाबरोबर जिल्ह्याची स्थानिक भाषाही आवश्यक केली होती. "सावधान" हा शब्द मी टाळतो. तो कोणी सर्वांत कडक समजतो, तर कोणी साधी सूचना समजतो. पुस्तिकेची झेरॉक्स निघणारच आणि तिच्यात रंग जाणार, हे लक्षात घेऊन प्रत्येक इशाऱ्याला चौकट, चिन्ह आणि शब्द ही तिन्ही द्या.

उत्तर | अक्षरजुळणीकर

वरील उत्तर मला मनापासून पटले. मी छपाईच्या बाजूने काही सांगतो. आमच्या घरी वडिलांच्या काळात खिळे जुळवले जात आणि आता मी त्याच जागी संगणकावर अक्षरजुळणी करतो.

देवनागरीत तिरपे अक्षर ही मुळात आपली परंपरा नाही. संगणक सरळ अक्षराला यंत्रवत झुकवतो. त्यात उभ्या दांड्या कलतात, शिरोरेषा मात्र आडवीच राहते आणि अक्षराचा तोल जातो. अधोरेखन त्याहून वाईट, कारण रेघ उकारांवरून जाते आणि "पुरवठा" मधला उकार ऱ्हस्व आहे की दीर्घ ते कळत नाही. अक्षरांमध्ये अंतर वाढवून ठसवण्याची रोमन लिपीतील युक्ती येथे चालतच नाही, कारण शिरोरेषा जागोजागी तुटते. उरते ते ठळक अक्षर. परंतु आठ पॉइंटाच्या खाली ठळक देवनागरी छापली की "घ", "ध", "क्ष" यांची पोटे शाईने भरतात. म्हणून ठळक अक्षर जपून वापरा; माझ्या मते फक्त इशाऱ्याचा पहिला शब्द आणि मथळे, याहून अधिक काही नको. एका पानावर वीस शब्द ठळक असले म्हणजे एकही शब्द ठळक नसतो.

एकाच पॉइंटाला देवनागरी अक्षर रोमनच्या मानाने लहान दिसते, तेव्हा ते एखादा पॉइंट मोठे घ्या. रफार आणि मात्रा वर जातात, उकार खाली येतात, त्यामुळे दोन ओळींमधील जागा इंग्रजी पुस्तिकेपेक्षा मोकळी ठेवा. बत्तीस पानांची इंग्रजी पुस्तिका मराठीत बत्तीस पानांतच बसली पाहिजे हा हट्ट धरला की पहिला बळी या जागेचा जातो.

फाँट युनिकोडच घ्या. जुन्या फाँटांमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी तुकडे बसवलेले असतात. त्यामुळे फाँट बदलला की मजकुराचा कचरा होतो. आपल्या ओमेगाचे जे झाले ते याच प्रकारचे आहे, फक्त उलट दिशेने. युनिकोडमध्ये ओमेगाला आणि मायक्रोला स्वतःची जागा आहे. तिथेही एक खाच आहे. ग्रीक अक्षर ओमेगा आणि ओहमचे चिन्ह अशी दिसायला सारखी दोन चिन्हे वेगवेगळ्या क्रमांकांवर आहेत. सगळीकडे ग्रीक अक्षरच वापरा, म्हणजे शोध घेताना अर्धे उल्लेख सुटणार नाहीत.

असाच घोळ "पायऱ्या" आणि "दुसऱ्या" या शब्दांतील अर्ध्या ऱ्यामध्ये होतो. तो ऱ दोन प्रकारे टाइप करता येतो: एक, खाली टिंब असलेल्या ऱ ला हलंत जोडून, दुसरा, साध्या र ला हलंत आणि त्यापुढे न दिसणारे जोडचिन्ह घालून. कागदावर दोन्ही सारखे दिसतात, परंतु फाइलमध्ये "पायऱ्या" शोधले तर निम्म्या सापडतात. आणि ते न दिसणारे जोडचिन्ह गळून पडले तर रफार चढतो आणि शब्द "पायर्या" असा छापला जातो. पहिली पद्धत ठरवा आणि छपाईपूर्वी सगळी फाइल तिच्यावर आणा. "ल" आणि "श" यांची मराठी वळणे राज्य शासनाने २००९ च्या निर्णयात प्रमाण ठरवून दिली आहेत. पुष्कळ फाँटांत ती वळणे असतात, पण मजकुराची भाषा हिंदी न ठेवता मराठी निवडल्याशिवाय ती दिसत नाहीत.

शेवटी विसर्गाविषयी. "सूचना" या शब्दापुढे कोलनऐवजी विसर्ग टाइप करण्याची सवय आमच्या धंद्यात सार्वत्रिक आहे. साध्या मजकुरात ते खपून जाते, पण आपल्या वायरिंगच्या कोष्टकात कोलनला अर्थ असतो, त्यापुढे टर्मिनलचा क्रमांक येतो. तेथे विसर्ग शिरला तर तो टर्मिनलचा क्रमांक शोधूनही सापडणार नाही.

अंकांविषयी माझे मत देवनागरीच्या बाजूचे आहे. मराठी पुस्तक आहे तर अंकही मराठीच हवेत, आणि पानावर ते अधिक शोभतात.

उत्तर | दिंडोरीचा वायरमन

सातपूरकर साहेब, नमस्कार. मी आयटीआय करून अठरा वर्षे शेतावरचे स्टार्टर आणि पॅनेल बसवतो. वरील दोघांनी लिहिलेले मी दोनदा वाचले. अक्षरजुळणीकर भाऊंचा अनुभव मोठा आहे, पण अंकांच्या बाबतीत माझे मत वेगळे आहे आणि ते का आहे हे सविस्तर सांगतो.

ओव्हरलोड रिलेवर ९५-९६ आणि ९७-९८ अशा दोन जोड्या रोमन अंकांत छापलेल्या असतात. ९५-९६ ही नेहमी बंद असणारी जोडी असून ती काँटॅक्टरच्या कॉइलच्या वाटेत घालायची असते. ९७-९८ ही नेहमी उघडी असणारी जोडी ट्रिपच्या दिव्यासाठी असते. काँटॅक्टरच्या ऑक्झिलरी, म्हणजे साहाय्यक काँटॅक्टवर तर अंक हीच भाषा असते. १३-१४ किंवा २१-२२ यांत शेवटचे आकडे तीन-चार असतील तर तो नेहमी उघडा, एक-दोन असतील तर नेहमी बंद, हे आम्हाला न विचारता कळते. कोणत्याही कंपनीचा माल असला तरी कॉइल ए१ आणि ए२ वरच सापडते. म्हणून हे अंक यंत्राचे आहेत, आपण ते आपल्या लिपीत वळवून घेऊ नयेत.

आता एकाच पानावर दोन्ही प्रकारचे अंक आले तर काय होते ते सांगतो. देवनागरी ४ हा झटकन पाहिला तर रोमन आठसारखा दिसतो, आणि देवनागरी १ हा रोमन नऊसारखा दिसतो. दिवसा, चष्मा लावून, शांतपणे वाचणाऱ्याला हे पटणार नाही. परंतु मोटरघरात मोबाइलची बॅटरी तोंडात धरून, एका हातात टेस्टर आणि दुसऱ्या हातात ओल्या बोटांनी धरलेले पुस्तक, अशा वेळी वायरच्या टोकावरचा फेरूल, म्हणजे क्रमांकाची नळी, चार आहे की आठ आहे हे ठरवायचे असते. आमच्याबरोबर कामाला बाहेरच्या राज्यांतील मुलेही असतात, त्यांतल्या काहींना देवनागरी अंक वाचताच येत नाहीत. राहिला म्हाताऱ्या शेतकऱ्यांचा प्रश्न, तर तेही मोबाइलवर रोमन अंकांनीच नंबर लावतात. पुस्तकभर एकच प्रकार ठेवा, आणि तो रोमन ठेवा.

दुसरे, नुसता आकडा कधीच देऊ नका. सहाव्या-सातव्या झेरॉक्सवर रोमन सहा आणि आठही सारखेच दिसतात. "९५-९६ (नेहमी बंद)" असे लिहिले की आकडा पुसला तरी शब्द वाचवतो.

तिसरे, दशांश चिन्ह. आम्ही बोलताना "अडीचची वायर", "दीडची वायर" म्हणतो. कागदावर मात्र २.५ मधला टिंब झेरॉक्समध्ये गेला तर पंचवीस होतात. पंचवीसची वायर कोणी त्या टर्मिनलमध्ये घालणार नाही हे खरे, पण टर्मिनल घट्ट करण्याचा टॉर्क १.२ न्यूटन-मीटरऐवजी १२ वाचला तर स्क्रूचा आटा जातो. एका परदेशी यंत्राच्या पुस्तकात दशांशाच्या जागी स्वल्पविराम होता, ते वाचताना आमची अशीच फसगत झाली होती. शक्य असेल तेथे कंसात "अडीच", "सव्वा" असे शब्दही लिहा. हे शब्द आमच्या रोजच्या तोंडचे आहेत आणि त्यांतला टिंब कधी पुसला जात नाही.

उत्तर | सर्किटवाला

मी अंबडच्या बाजूला इलेक्ट्रॉनिक कार्डांच्या डिझाइनचे काम करतो. दशांश टिंबाची भीती खरी आहे, आणि म्हणूनच आयईसी ६००६२ या आंतरराष्ट्रीय मानकात एककाचे अक्षरच टिंबाच्या जागी घालतात: ४.७ किलोओहम हे "४के७", आणि ४.७ ओहम हे "४आर७". आपल्या सर्किटच्या आकृतीत रोमन अक्षरांनी हीच पद्धत वापरा, म्हणजे ओमेगाही नको आणि टिंबही नको. पुस्तिकेच्या मजकुरात मात्र "किलोओहम" असे पूर्ण लिहा. येथे देवनागरीचा एक फायदा आहे. रोमनमध्ये मोठा एम मेगा आणि लहान एम मिली, म्हणजे एका अक्षराच्या आकारावर शंभर कोटी पटींचा फरक अवलंबून असतो. मेगरने मोटरचे इन्सुलेशन तपासण्याच्या पायरीत "मेगाओहम" असे देवनागरीत लिहिले की ती चूक होणारच नाही.

टर्मिनलच्या नावाविषयी अक्षरजुळणीकरांना दुजोरा देतो. आयईसीच्या पद्धतीत नावाच्या आधीची आडवी रेघ वस्तू दाखवते, अधिक चिन्ह जागा दाखवते आणि कोलननंतर टर्मिनलचा क्रमांक येतो. उदाहरणार्थ "-एक्स१:३" म्हणजे एक्स१ या टर्मिनल पट्टीचा तिसरा टर्मिनल. डीटीपी करणारे ती रेघ यादीची खूण समजून काढून टाकतात, किंवा संगणक आपणहून तिला लांब करतो. ती सुविधा आधी बंद करा. पल्ला दाखवण्यासाठीही रेघ नकोच. मराठीत "ते" हा शब्द आहे. "४ ते २० मिलिअँपिअर" आणि "उणे १० ते ५५ अंश सेल्सिअस" यांत वजाबाकी आणि पल्ला यांचा गोंधळ होत नाही.

आपल्या पॅनेलमध्ये मॉडबसची (यंत्रांनी एकमेकांना माहिती पाठवण्याची) सोय असेल तर रजिस्टरच्या, म्हणजे आकडे साठवण्याच्या जागांच्या, कोष्टकावर एक ओळ अवश्य लिहा. ४०००१ असे लिहिलेले होल्डिंग रजिस्टर प्रत्यक्ष संदेशात शून्य पत्त्याने जाते. कोष्टक कोणत्या पद्धतीचे आहे हे न सांगितल्यामुळे एका घराने सरकलेली वाचने मी अनेकदा पाहिली आहेत.

प्रतिसाद | सातपूरकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आपल्या उत्तरांच्या आधारे गेल्या दहा दिवसांत पुस्तिका पुन्हा जुळवायला घेतली आहे.

कोष्टकात आता चारच गोष्टी ठेवल्या आहेत: रोमन म्हणजे यंत्रावरचा मजकूर, कोनी कंसातील देवनागरी म्हणजे आपण भरायची किंमत, क्रियापदाची चार रूपे आणि त्यांचे अर्थ, आणि इशाऱ्यांच्या चार चौकटी. तिरकी अक्षरे आणि अधोरेखन पूर्णपणे काढले. क्रियापदे तपासताना एक गोष्ट ध्यानात आली. आमच्या पहिल्या मराठी प्रतीत अर्थिंगच्या वाक्यात "जोडावे" असे होते आणि पॅनेल पुसण्याच्या वाक्यात "पुसलेच पाहिजे" असे होते. इंग्रजीत हे नेमके उलट होते. ठळक अक्षरांच्या गर्दीत हा उलटफेर आमच्यापैकी कोणालाच दिसला नव्हता, आणि ओहमच्या चुकीपेक्षा ही चूक मला अधिक गंभीर वाटते.

अंकांच्या बाबतीत आमच्या घरातच दोन मते पडली, कारण अक्षरजुळणीकरांप्रमाणे वडिलांचाही कल देवनागरीकडे होता. संविधानाच्या ३४३ व्या अनुच्छेदात संघराज्याच्या कामकाजासाठी भारतीय अंकांचे आंतरराष्ट्रीय रूपच स्वीकारले आहे, असे मी त्यांना सांगितले. त्याने त्यांचे समाधान झाले नाही. शेवटी चार नंबरचा आणि आठ नंबरचा फेरूल घालून, शेजारी छापील देवनागरी चार ठेवून, दिवे बंद करून मोबाइलच्या उजेडात दाखवले, तेव्हा ते "रोमनच ठेव" म्हणाले. त्यामुळे अंक सगळे रोमन, आणि कामाच्या पायऱ्यांना अंक न देता "पायरी पहिली", "पायरी दुसरी" असे शब्दांत लिहिले आहे. मराठी क्रमवाचके त्यामुळे पुस्तकात राहिली याचे वडिलांनाही समाधान आहे.

"नका" असलेली वाक्ये मोजली तर एकेचाळीस निघाली. त्यांतील सव्वीस उलटवून होकारार्थी करता आली, उरलेल्या पंधरांत न तुटणारी जागा घातली. एका वाक्याचे मात्र अजून जमलेले नाही. "मोटर आपोआप सुरू होऊ शकते, म्हणून पॅनेल ऑटोवर असताना पंपाच्या कपलिंगला हात लावू नका." हे आम्ही "कपलिंगला हात लावण्यापूर्वी पॅनेल ऑटोवरून काढा आणि मेन स्विच बंद करा" असे केले, पण मोटर आपोआप सुरू होण्याचे कारण त्यातून गळून गेले. कारण आधी, कृती मग, असा क्रम ठेवून हे वाक्य दोन ओळींत कसे बसवावे, हे पुस्तिकालेखकांनी सुचवले तर बरे होईल. दिंडोरीच्या वायरमन भाऊंना विनंती आहे की कच्ची प्रत तयार झाली की ती घेऊन मी तिकडे येतो. एखादे पॅनेल त्यांनी रात्रीच्या पाळीत फक्त पुस्तक वाचून जोडून पाहावे आणि जेथे हात थांबेल तेथे पानावर खूण करावी.

उत्तर | पुस्तिकालेखक

कारण स्वतंत्र वाक्य करून चौकटीच्या पहिल्या ओळीत ठेवा: "मोटर न सांगता सुरू होते." दुसऱ्या ओळीत कृती: "आधी मेन स्विच बंद करा, मग कपलिंगला हात लावा." येथे "होऊ शकते" नको. ऑटोवर असलेली मोटर वीज आल्यावर सुरू होतेच, म्हणून क्रियापदही तसेच निश्चित असू द्या आणि चौकटीवरचा शब्द "इशारा" न ठेवता "धोका" ठेवा.

उत्तर | दिंडोरीचा वायरमन

जरूर या. पुढच्या आठवड्यात आमच्याकडे वीज रात्रीचीच आहे. प्रत नवी कोरी आणू नका, तिची दोनदा झेरॉक्स काढून ती आणा.